दुसऱ्या हाताची धार

३ एप्रिल ७८, सोमवार
आज हे कामावरून आले आणि करवत स्वतःच खुंटीला अडकवली. लग्न झाल्यापासून असं कधी केलं नव्हतं. आधी करवत माझ्यापुढं ठेवायची, कुठं अडकली, कुठला दात गेला ते सांगायचं, मग पाय धुवायचे, मग चहा, अशी रीत. हे रस्त्याकडेची झाडं छाटतात. दिवसभर ते झाडावर, आणि मी दारात कानस घेऊन बसलेली. त्यांची करवत, शिवाय चार गल्ल्यांतल्या सुतारांच्या. सगळ्यांचे दात मी लावते, कानशीनं घासून धार देते.

हे न्हाणीत गेल्यावर करवत खुंटीवरून काढली. दात लावलेले आहेत. ताजे. मी लावलेले नाहीत.

सवत आणली असती तर एवढं लागलं नसतं.

५ एप्रिल
सरळ विचारलं, "कुणी लावलं दात?"

"कोण लावणार? तूच की गं."

खोटं बोलताना हे कानाची पाळी चोळतात. आज लाल होईपर्यंत चोळली.

संध्याकाळी भैरू आला. हे वर झाडात असले की खाली दोर धरणारा तो. चहा पिता पिता म्हणतो, "वैनी, ह्या खेपंला दात लई झ्याक लावलायसा. लोण्यातनं गेल्यागत जातीया करवत."

मी "व्हय" म्हणाले. शेजारणीच्या पातेल्यातली भाजी आपली म्हणून वाढावी तसं. हे मान खाली घालून बशी फुंकत बसले.

भैरूनं माझ्या हाताचं असं कौतुक आजवर कधीच केलं नव्हतं. हे आत्ता, लिहिताना ध्यानात आलं.

७ एप्रिल
कळलं.

दुपारी करवत उन्हात धरून एकेक दात बघितला. मुठीजवळचे दोन दात मुद्दाम बोथट ठेवलेत, फांदीवर पहिला ओढा घेताना करवत उडू नये म्हणून. ही आबांची रीत. आमचे आबा खानापूरला लाकडाच्या वखारीत करवतींचे दात लावायचे. मुलगा नव्हता, म्हणून आम्हा दोघी बहिणींना बसवून शिकवलं. आबा गेले. ही रीत येणारे हात आता दोघींचेच.

आणि कानशीचे ओरखडे उलट्या अंगाला झुकलेले. म्हणजे हात डावरा.

माझी धाकटी बहीण डावरी आहे. तिचं नाव लिहवत नाही. क. लिहिते.

आबा आल्यागेल्याला सांगायचे, "शालनचा हात पक्का. पण धाकटीच्या हाताला गोडी हाय." पक्का हात म्हणजे काय, तर दारं-खिडक्यांना कडी असते तसा. ती गोरी म्हणून मी कधी जळले नाही. तिचं लग्न माझ्याआधी ठरलं, तेव्हा मांडवात मीच पुढं होते. ह्या एका गोष्टीवर जळते. एवढंच माझं होतं.

९ एप्रिल, रवि.
भांडण. शेजारच्यांनी दार लावून घेतलं, म्हणजे नीट ऐकता यावं म्हणून.

ह्यांनी कबूल केलं. खानापूर रस्त्याला चिंचेची फांदी कापताना आत खिळा निघाला. कुणी कधीकाळी पाटी ठोकलेली, वर साल चढून गेली. ओळीनं पाच दात गेले. मी शंभरदा सांगते की रस्त्याकडेचं झाड असलं की आधी कोयत्याची पाठ मारून बघा, साल फुगलेली दिसली तर हात फिरवा. ऐकतील तर शपथ.

"मग करवत घरी का नाही आणली?"

"तू बोलली असतीस."

"बोलले असते. आणि लावूनबी दिले असते."

"ती बोलत न्हाय. गप करवत घेती, लावून देती."

एकदा तिच्याकडं खानापूरला गेले ते मी समजू शकते. पण त्यानंतरही गेले. दात चांगले असताना गेले. का, म्हणून विचारलं. ह्या वेळी कान चोळला नाही. म्हणाले, "हलकी चालतीया गं. वर एक हात फांदीला, एका हातात करवत. सांजच्याला खांदा भरून येत न्हाय."

खरं बोलले. खोटं बोलले असते तर मी निदान जेवले असते.

११ एप्रिल
चिकोडीकडचा सुतार त्याची करवत न्यायला आला. बोटानं दात चाचपले आणि "छलो ऐती" म्हणाला. चांगलं झालंय, ह्या एका शब्दावर पूर्वी माझा अख्खा दिवस जायचा. आज मनात आलं, छलो म्हणजे किती छलो? तिच्याहून?

विचारणार कुणाला.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक. क. पहिल्या गाडीनं आली होती. पांढरी साडी, अंगावर मूठभर मांस नाही. नवरा गोव्याला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. ही आबांच्या खोलीत एकटी.

"जयभीम, आक्का. चिडलीयास व्हय?"

"कशाला चिडू?"

"दाजींनी आणली, मी लावून दिली. न्हाय कसं म्हणू?"

चौकात मिरवणूक थांबली. हलगी जोरात होती, म्हणून तिनं कानाशी येऊन सांगितलं. वखारीत आता दात लावायचं यंत्र बसवलंय, तिच्याकडं कुणी फिरकत नाही. "तुझ्याकडं लई काम येतंय म्हणत्यात. मला घे की. एका कोपऱ्यात बसंन."

मी म्हणाले, बघू.

कोपऱ्यात बसेल म्हणे. तिनं दात लावलेली करवत चार सुतारांनी चालवली की कोपऱ्यात कोण बसेल ते मला पक्कं ठाऊक आहे.

मिरवणुकीत हे पुढं होते, मी तिच्याशेजारून चालले. कुणीतरी म्हणालं, बहिणी-बहिणी किती सारख्या दिसतात. ती हसली.

१६ एप्रिल, रवि.
हे बाजाराला गेले. परसात जांभळाची वाळकी फांदी पडली होती, तिच्यावर करवत चालवून पाहिली.

गोड चालते. आबा खोटं सांगत नव्हते.

मग करवत चिमट्यात धरली आणि मुठीपासून टोकापर्यंत सगळे दात माझ्या हातानं घासले. तिचा एक ओरखडा ठेवला नाही. रागात कानस हातात घेऊ नये म्हणतात. घेतली. घासताना बरं वाटत होतं, ते खोटं कशाला लिहू. झाल्यावर नाही वाटलं.

१८ एप्रिल
हे मनगट सुजवून आले. वडाच्या फांदीत करवत अडकली, उपसताना हात मुरगळला. मी हळद लावत होते तेव्हा हे नुसते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना कळलंय.

बोलला तो भैरू. "वैनी, काय झालं वो? परवा लोणी, आज दगुड. हात दुखतोय काय तुमचा?"

काय सांगू त्याला? लोणी माझं नव्हतं, दगड माझा? कौतुक घेताना नको म्हणाले नाही. आता माझंच काम माझ्या नावाला बट्टा लावतंय आणि मला तोंड उघडायची सोय नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

२० एप्रिल
शाळेजवळचा शिरीष सोमवारी छाटायचा आहे. सुट्टी आहे तोवर उरकायला हवं. फांद्या कौलांवर आल्यात. तिरकी कापली गेली तर फांदी कौलांवर जाणार, नाहीतर फिरून ह्यांच्यावर. सूज अजून पुरती उतरलेली नाही.

आज करवत पूर्वीसारखी माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "तू लाव, न्हायतर तिला बोलवून घे. भांडायचं आसंल तर सोमवारनंतर भांडू. वर मला जायचं हाय."

बसले. कानस दातावर टेकवली. लहानपणापासून करत आलेलं काम, आणि हात माझा वाटेना. आता हा दात मी घासला की तो माझा की तिच्यासारखा, हेच डोक्यात. असे दात लावून नवऱ्याला झाडावर पाठवू?

कानस खाली ठेवली. भैरू गुंजीला सासुरवाडीला निघाला होता. त्याला सांगितलं, वाटेत खानापूरला उतर आणि तिला म्हणावं, ये.

तो म्हणाला, "कुणाला?" त्याला काही माहीतच नाही. सांगावं लागलं. लोणी कुणाचं होतं तेही सांगितलं. बिचारा पायातल्या चपलांकडं बघत बसला.

२३ एप्रिल, रवि.
क. आली. कमळ. लिहिलं एकदाचं नाव. स्वतःची कानस फडक्यात गुंडाळून आणली होती.

करवतीचे दात एकाआड एक ह्या अंगानं घासायचे, मग करवत फिरवून उरलेले त्या अंगानं. एकाच माणसाचं काम. मी म्हणाले, "तू त्या अंगाला बस, मी ह्या. फिरवायला नको."

"दोघींनी?"

"मग एकटी लावणार हायस?"

फडकं सोडून समोर बसली. मध्ये करवत. एक दात तिचा, एक माझा. एकीनं घासायचं, तोवर दुसरीनं थांबायचं. तिची कानस आवाजच करत नाही. टोकाकडं येईतो मी तिच्याच चालीवर घासायला लागले होते. ध्यानात आल्यावर चाल बदलली.

आबांचा विषय दोघींनी काढला नाही. जेवताना तिनं माझ्या आमटीला चांगली म्हटलं, तेही मला टोचलं. माझं आता काय सांगावं.

२४ एप्रिल, सोम.
शिरीष झाला. एकही कौल फुटलं नाही. हे धडधाकट घरी आले, बरोबर एक ओंडका आणला. करवत दोघींच्या मध्ये ठेवली.

"कशी चालली?"

"हलकी चालली. पण एका अंगाला वढतीया."

दोन्ही अंगांचे दात सारखे नसले की जे जास्त धरतात त्या अंगाला करवत ओढते. हे आम्हा दोघींना शेंबड्या वयात शिकवलेलं.

"कुठल्या अंगाला?" मी विचारलं. कमळनंही तोंड उघडलं होतं, माझा आवाज ऐकून मिटलं.

ह्यांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, तांब्या उचलला आणि पाय धुवायला गेले. तिथंच बसलेत अजून. एवढे पाय कुणाचे मळतात?

कमळ आत भाकरी थापतेय. जाते म्हणत नाही, मी राहा म्हटलेलं नाही. ओंडका परसात पडलाय. चार ओढे घेतले की कुणाच्या अंगाला ओढते ते कळेल.

करवत पायाशी आहे. अजून उचललेली नाही.