मीच म्हटलेलं ‘नको’

मंगळवार, १४ ऑक्टोबर, त्सुकुबा, जपान

काल लिहिलं की प्रोफेसरांनी फ्रान्सच्या दौऱ्यातून मला वगळलं. ते खरं नाही. त्यांनी विचारलं होतं, "मानसी-सान, जाणार का?" मीच लॅबमधल्या सहकाऱ्याचं नाव पुढे केलं, "नको, केंता-सानना पाठवा." ते "बरं" म्हणाले. संपलं.

ते पुन्हा विचारतील म्हणून मी थांबले होते! पहिल्याच खेपेला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. चौथीपर्यंत आईनेच घरी शिकवलं, त्यात हेही शिकवलं. आज फोनवर सांगितलं तर हसायला लागली. "अगं, ती काय पंगत आहे, दुसऱ्यांदा वाढायला यायला?"

दौरा जाणार आहे त्या फ्रेंच खेड्यातलं आठशे वर्षांपूर्वीचं चर्च पीएचडीसाठी दोन वर्षं मी स्क्रीनवरच, थ्रीडी स्कॅनमध्ये बघतेय. कमानींचा दगड न् दगड ओळखीचा झालाय. फक्त एका खांबाच्या माथ्यावर कोरलेला पक्षी अर्धाच दिसतो. स्कॅनर त्याच्या मागे पोचला नाही, तिथे नुसतं काळं भोक. मान वळवून तो काय बघतोय? आज काम बाजूला ठेवून त्या पक्ष्याभोवतीच फिरत बसले. तिथल्या दगडाला हात लावला तर गार लागेल का, एवढंही मला माहीत नाही.

पण केंता-सानना जायचं असेल तर? मग मी मागे राहीन, पण खोटं ‘नको’ सांगून नाही. उद्या आधी त्यांना सांगेन. दौऱ्याची नावं शुक्रवारी दुपारी ऑफिसात जातात. शुक्रवारी, सतरा तारखेला, सकाळी नऊ वाजता प्रोफेसरांना सांगायचं, मला जायचंय.