चार लिटरचा खुलासा

के. आर. पुरम, बंगळूर
रविवार, १२ जुलै १९९८

तीर्थस्वरूप सौ. चंद्राआत्यास,

तुझ्या श्रीरंगचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला थांबला का? साताऱ्यात पाऊस लागला असेल, तर पहाटे बागेत फुलं काढायला जाऊ नकोस. इथं मी बरा आहे. (किती बरा आहे त्याचं लेखी प्रमाणपत्र माझ्याजवळ आहे, पण त्याकडे ओघानं येतो.)

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. वर आशीर्वाद नाही, खाली ‘काळजी घे’ नाही, नुसत्या चार ओळी, आणि त्यातली चौथी ‘तुझी आई असती तर’ इथंच थांबलेली. ते वाक्य तू पुरं केलं नाहीस ते बरं केलंस, पण ते अर्धंच मला तीन दिवस पुरलं. येलहंक्याच्या मुलीकडच्या लोकांनी तुझ्या जाऊबाईंना फोन केला आणि जाऊबाईंनी तुला सांगितलं, की मुलगा दारू पितो, अंगातला साखरेचा आजार लपवतो आणि घरच्या बाईनं हौसेनं केलेल्या पदार्थाला हात लावत नाही. आत्या, या तिन्हींचा खुलासा एकच आहे. मी गेला महिनाभर भात, पोळी, बटाटा आणि साखर सोडली आहे. एवढंच. पण एवढंच सांगून तुझा राग जाणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

सुरुवात तुझ्यापासून होते. (रागावू नकोस.) तू येलहंक्याला माझा जो फोटो पाठवलास, तो कॉलेजच्या निरोपसमारंभातला. त्यात मी अडुसष्ट किलोंचा आहे. त्यानंतर मी बंगळूरला आलो, कॉम्प्युटरसमोर बसलो आणि सन दोन हजार उजाडल्यावर जगातले कॉम्प्युटर गोंधळू नयेत म्हणून रोज दिवसभर तारखा दुरुस्त करत राहिलो. त्यात माझे सत्त्याऐंशी किलो झाले. बघायला जायचा दिवस एकवीस जूनचा ठरल्याचं तुझं पत्र आलं, तेव्हा फोटोतला माणूस व्हायला माझ्याकडे अकरा दिवस होते.

ऑफिसात माझा शुभंकर नावाचा मित्र आहे. तो सहा महिने अमेरिकेत राहून आला, आणि लोक तिकडून सेंटच्या बाटल्या आणतात तसं यानं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्याचं सांगणं असं, की आपल्या शरीरात साखरेचा साठा जेमतेम एक-दोन दिवसांचा असतो, चरबीचा मात्र महिनोन् महिन्यांचा. पण भात-पोळी मिळत राहिली की शरीर त्या साठ्याकडे फारसं वळत नाही. ती बंद करायची. लोणी, अंडी, पनीर, मटण, खोबरं, पालेभाज्या खायच्या. मग शरीर नाइलाजानं चरबी जाळायला शिकतं. ‘शिकतं’ हा शब्द त्यानं फार सहज वापरला. त्या शिकण्याची फी कोण भरतं, ते मला नंतर कळलं.

पहिले तीन दिवस छान गेले. तीन किलो उतरले आणि मी आरशापुढे फोटो धरून उभा राहिलो. (ती चरबी नव्हतीच. साखरेच्या साठ्याबरोबर शरीर पाणी धरून ठेवतं, तेवढं वाहून गेलं होतं.) चौथ्या दिवशी डोकं धरलं. पाचव्या दिवशी ऑफिसचे दोन जिने चढताना मधे बसावं लागलं. पायांत गोळे यायचे, तोंडाला कोरड पडायची, आणि तहान तर अशी की घागर तोंडाला लावावी. शुभंकर म्हणाला, पाण्याबरोबर मीठही जातंय, चिमूटभर मीठ घालून ताक पी. प्यालो, आणि थोडा माणसात आलो.

पण आत्या, भात. खाली घरमालक भीमाचार्य राहतात. दुपारी बरोबर साडेबाराला त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या होतात, मग त्यांच्या मंडळी सारूला, म्हणजे इकडच्या पातळ आमटीला, फोडणी देतात, आणि तो वास जिन्यानं वर येऊन माझ्या दाराशी उभा राहतो. रविवारी मी खिडकी लावून, वाटीत उकडलेली अंडी घेऊन बसायचो, आणि मला आईच्या हातचा मऊ भात आठवायचा. वरण-तूप घातलेला नाही, त्याच्या आधीचा. पातेल्यातून नुसता काढलेला, मीठ लावून, चाखायला म्हणून माझ्या हातावर ठेवलेला. आई जाऊन नऊ वर्षं झाली. इतका भात खाल्ला या नऊ वर्षांत, पण तो घास भात सोडल्यावर आठवला.

असा अकरावा दिवस उजाडला. बाबांना प्रवास झेपत नाही, तुझे गुडघे, म्हणून माझ्यासोबत शुभंकर आला. येलहंक्याच्या जुन्या गावात त्यांचं घर आहे. माणसं फार चांगली. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं घराणं, मराठी अजून घरात बोलतात, फक्त तिच्या अंगावर कन्नडचे दागिने चढलेत. मुलीचे वडील अप्पासाहेब अबकारी खात्यात इन्स्पेक्टर होते. तीस वर्षं नुसत्या वासावरून चोरटी दारू पकडली, असं त्यांनी स्वतःच कौतुकानं सांगितलं, आणि सांगता सांगता “स्वल्प इकडे सरका की,” म्हणून मला सोफ्यावर जवळ ओढलं.

आता नीट वाच. चरबी जळते तेव्हा यकृत तिच्यापासून एक वेगळंच इंधन तयार करतं. शरीराला त्याची सवय नसते, तोवर थोडं वापरलं जातं आणि थोडं वाया जाऊन लघवीतून, श्वासातून बाहेर पडतं. त्या श्वासाला वास येतो. पिकून उतरलेल्या फळांसारखा, थोडा स्पिरिटसारखा. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मी अप्पासाहेबांपासून वीतभर अंतरावर बसून त्यांना आपल्या घराण्याची माहिती सांगत होतो, आणि ते एकेका वाक्याला थोडे मागे झुकत होते.

तेवढ्यात सोयराबाई, म्हणजे मुलीची आई, केसरीभात घेऊन आल्या. तुपानं निथळणारा, केशरी, वाफाळता साखरेचा शिरा. मी काजू तेवढे वेचून खाल्ले आणि बशी अलगद टेबलाखालच्या फळीवर सरकवली. त्यांनी ते पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

मग आम्हा दोघांना बोलायला म्हणून गच्चीत पाठवलं. तिचं नाव अक्षरा, हे तुला माहीत आहेच. हेब्बाळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काम करते, हेही माहीत आहे. तिच्या उजव्या अंगठ्यावर कसलासा जांभळा डाग असतो, आणि बोटांना सारखं काही ना काही लागलेलं असल्यामुळे ती कपाळावरचे केस मनगटानं मागे सारते, हे मात्र तुला कुणी सांगितलं नसेल. मला वाटलं, आता ती आवडीनिवडी विचारेल. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, “रात्री लघवीला किती वेळा उठता?”

मी म्हणालो, “दोनदा. कधी तीनदा.”

“घरात कुणाला साखर?”

“बाबांना.”

“वजन उतरलंय का एवढ्यात?”

“बरंच,” मी म्हणालो. (मला वाटलं, तिच्या लक्षात आलं.)

“तहान लागते?”

“फार.”

आणि अगदी त्याच वेळी कॉफीला बोलवायला अप्पासाहेब जिना चढून आले, आणि दारात उभे राहून त्यांनी सरळ विचारलं, “पिता का तुम्ही?”

मी तहानेतच होतो. म्हणालो, “हो, रोज चार लिटर तरी. रात्री उशाशी बाटली ठेवूनच झोपतो.”

अप्पासाहेब “सरी”, म्हणजे ‘बरं’, म्हणाले आणि खाली गेले. मी निघताना अक्षरा हळूच म्हणाली, “एकदा तपासून घ्या. चेष्टा नाही करत. मी रोज आठपासून लॅबमध्ये असते.” आत्या, मी इथं तीन वर्षं एकटा राहतो. माझी रात्रीची तहान आजवर कुणी विचारलेली नव्हती.

पुढे बारा दिवस त्यांच्याकडून निरोप नाही. तेराव्या दिवशी, शनिवारी, मी बस धरून हेब्बाळला गेलो. आपलं लग्न व्हावं असं जिच्याशी वाटतं, तिच्या हातात पहिली वस्तू म्हणून मी काय ठेवलं, ते तू समजून घे. झाकण मात्र घट्ट लावलं होतं. तिनं रक्तही घेतलं, नोंद केली, बसायला सांगितलं. तासाभरानं आत बोलावून एक काचेची नळी उजेडाकडे धरली. नळीत जांभळं कडं उठलं होतं.

“साखर अगदी नीट आहे,” ती म्हणाली. “पण हे कडं उपाशी माणसाचं असतं, नाहीतर आजारी माणसाचं. तुम्ही खाता काय?”

मी सांगितलं. पुस्तक, शुभंकर, अंडी, सगळं. फोटोचंही सांगितलं. तिनं हसू दाबलं नाही. मग नळी धुता धुता मला समजावलं, की मेंदूला साखरच लागते असं नाही, अडलं तर तो हे दुसरं इंधनही चालवून घेतो, फक्त स्वल्प दिवस लागतात. हळूहळू वाया जाणं कमी होतं, तसा वासही कमी होतो. “आता येतच नाहीये बघा,” ती म्हणाली. म्हणजे ती तेवढी जवळ उभी होती.

घरी नकार द्यायचं ठरलंय, तेही तिनंच सांगितलं. ती म्हणाली, “मी रिपोर्ट दाखवीन. पण आमच्या अप्पांच्या नाकावर सरकारनं तीस वर्षं विश्वास ठेवलाय, माझ्या नळीवर ते कशाला ठेवतील? आणि आईला बशीचं वाईट वाटलंय, ते रिपोर्टात येत नाही.”

तर असं झालं. आज माझा बत्तिसावा दिवस. वजन एकोणऐंशी. जिने एका दमात चढतो, डोकं स्वच्छ आहे, आणि भूक तर जवळजवळ गेलीच. गंमत म्हणजे, भूक गेल्यावर कळलं की माझी संध्याकाळ तिच्याच सोबतीनं जायची. आज काय खायचं, कुठं खायचं, यात आठ वाजायचे. आता सहाला घरी येतो, खुर्चीत बसतो, आणि करण्यासारखं काही उरत नाही. मग मी ती गच्ची आठवतो. तारेवर वाळत घातलेल्या मिरच्या होत्या, लांब हवाई दलाच्या तळावरचे दिवे लागत होते, आणि कुणीतरी मला, उत्तर खरंच हवं असल्यासारखं, काही विचारत होतं.

पण ते असो. विषय संपला. त्यांचा निर्णय झाला आहे आणि माझ्या मनात कुणाविषयी काही नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस आणि पुन्हा या भानगडीत पडू नकोस. आतोबांना नमस्कार. तुझ्या औषधी तेलाची एक बाटली कुणी येणार असेल तर पाठव, गोळे अजून अधूनमधून येतात.

तुझा,
श्रीरंग

ता. क. – वर ‘विषय संपला’ लिहिलं आहे ते खोडणार होतो, पण पानाची शोभा जाईल. तू अप्पासाहेबांना एक पत्र लिही. मला जन्मापासून ओळखतेस आणि मी दारूला शिवत नाही, एवढंच. (लोणावळ्याची अर्ध्या ग्लासाची गोष्ट तुझ्या जन्मापासूनच्या ओळखीत मोजू नकोस.) सोयराबाईंना वेगळं लिही. त्यांची माफी मी स्वतः येऊन मागतो म्हणावं, फक्त त्यांनी येऊ द्यावं.

ता. क. दुसरा – लवकर लिही. त्या शनिवारनंतर मी हिमोग्लोबिन तपासलं, कोलेस्टेरॉल तपासलं आणि काल रक्तगट तपासायला दिला. रक्तगट मला शाळेपासून माहीत आहे. आता माझ्यात तपासण्यासारखं फारसं शिल्लक नाही.

ता. क. तिसरा, मंगळवार – पाकीट चिकटवायच्या आधी रक्तगटाचा रिपोर्ट आणायला गेलो होतो. ती खिडकीशी नव्हती, दुसऱ्याच बाईनं दिला. रक्तगट तोच निघाला. खाली, सही करतात तिथं, निळ्या शाईत तिच्या हातचं मराठी आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं, पण वाचता येतं : ‘पुढच्या वेळी जेवून या. शनिवारी एकला माझी सूट्टी होते.’ आत्या, तपासायला उपाशी पोटी बोलावतात, जेवून नाही. मी ते बसमध्ये इतक्यांदा वाचलं की हेब्बाळहून निघालो तो के. आर. पुरमच्या पुढे दोन थांबे गेलो. शनिवारला अजून चार दिवस आहेत. तू पत्र लिहीच, पण मी तुझ्या पत्राची वाट बघत बसलेलो नाही, एवढं लक्षात ठेव.