माळावरून आलेली आग

राजेश्वर,
चैत्र वद्य पंचमी, १३४६ फसली

प्रिय अमृत,

केसांना अजून धुराचा वास आहे. काल दुपारी पश्चिमेचा माळ पेटला आणि आपलं गाव वाचलं! तिकडं गुलबर्ग्यात बसून तुला पटायचं नाही, म्हणून सगळं सांगते.

होळीनंतर माळावरचं गवत कंबरेएवढं उभं वाळलं. मला एकच घोर लागला, हे पेटलं तर आधी काय जाईल? आठ दिवस रोज दुपारी गावाच्या कडेनं फिरले, मुठीतली राख उडवून वारा बघितला. घर पुन्हा बांधता येतं. पण कडबा गेला तर जनावरं उपाशी, बियाणाची तूर गेली तर मृगात पेरायचं काय? आणि दोन्ही गावानं नेमकं माळाच्या तोंडाशी ठेवलेलं. हे हलवा म्हणून चावडीवर सांगितलं तर लोक हसले. आपले अप्पा तडकले, "कडबा कुटं रचायचा ते आता तू मला शिकवायलीस व्हय?" मी म्हटलं, "पुन्हा दोन बैल जळालेले बघायचे न्हाईत मला." ते उठून गोठ्यात गेले. गंजीशी बांधलेले ते बैल जळाले त्याला सहा वर्षं झाली, त्यांचा विषय किंवा तुझं नाव निघालं की असेच उठून जातात. पण दुसऱ्या दिवशी बघते तर स्वतःच कडब्याची गंजी उपसायलेत! मग अख्खी गल्ली लागली. कडबा ओढ्यापलीकडे गेला, तूर मठाच्या दगडी कोठीत. गाव आणि माळाच्या मध्ये वीस हात रुंद गवत कापून अप्पांनी तिथं वखर फिरवला.

आणि काल काय सांगू! आग सूं सूं करत आली आणि उघड्या मातीपाशी येऊन बसली. ठिणग्या उडाल्या त्या गंजीच्या रिकाम्या जागेत पडल्या. आम्ही बायकांनी ओली पोती मारून विझवल्या. माझा एक अंदाज मात्र चुकला. शेजारच्या मल्लव्वाचं शेळ्यांचं छप्पर मी बिनधोक धरलं होतं, तेच जळालं. शेळ्या सुटल्या, पण माझी मान वर होईना. म्हातारी मलाच समजवायला लागली, "छप्पर काय, चार दिसात हुतंय. तुमची गंजी जळाली त्या वर्सीबी आग अशीच माळावरनं आल्ती." अप्पा गर्रकन वळले. "तू बघितलीस?" "व्हय की. आधी माळ काळा झाला, मग गंजी. मला कुणी इचारलंच न्हाई."

अमृत, त्या दिवशी तू गंजीच्या पूर्वेला बांधावरचं गवत जाळत होतास. तुझ्या हातातला पलिता सगळ्यांना दिसला आणि तेवढ्यावर अप्पांनी तुला घराबाहेर काढलं. पण चैत्रातल्या दुपारी इथं वारा पश्चिमेचा असतो, आठही दिवस माझी राख पूर्वेलाच गेली. तुझी आग पूर्वेला ओढ्याकडे जाणार, उलटी गंजीकडे येणार कशी? ते बैल तुझ्यामुळं गेले नाहीत. अप्पांना मी मातीत रेघा ओढून हे दाखवलं. त्यांनी बोटानं त्या रेघा पुन्हा गिरवल्या. हे पत्र लिहायला त्यांनीच बसवलंय. समोर उकिडवे बसलेत, डोळे पुसायलेत आणि धूर गेला म्हणतात. पुढची ओळ त्यांची आहे, सांगितली तशीच लिहिते: "पोरा, मी चुकलो. घरला ये."

तुझीच अक्का,
गौरम्मा