पेट्रोलवर पाळत

२ सप्टेंबर १९७४
कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं फिटर होतो. रिटायर होऊन गावी आलो तो काही ओट्यावर बसायला नव्हे. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली मोटर आज होडीच्या मागे बसवली. विलायती आहे. वय थोरल्या मुलाएवढं, तब्येत त्याच्यापेक्षा बरी. आता करकंबच्या बाजाराला जाणारी माणसं चार मिनिटांत भीमेपलीकडे. नावाडी धुळाप्पा वल्ह्यानं वीस मिनिटं घेतो.
दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू.
धुळाप्पा काठावरून बघत होता. म्हणाला, "झ्याक हाय की." फारच गोड बोलला. लक्ष ठेवायला हवं.

५ सप्टेंबर
सरपंच मानसिंगराव भेटले. नावेचा ठेका महिनाअखेरीस नव्यानं द्यायचा आहे. तीस तारखेला मोटर चालवून दाखवा म्हणाले. ठेका धुळाप्पाच्या घरात तीन पिढ्या आहे. वाईट वाटतं. त्याला तिकिटं फाडायला ठेवीन. अजून त्याला सांगितलेलं नाही.

८ सप्टेंबर
पडवीतल्या पेट्रोलच्या डब्याचं झाकण उघडलं, तर ते घट्ट बसवणारं रबरी वायसर गायब. बायकोला, बजाबाईला, विचारलं. म्हणाली, "कुजून पडलं आसंल. मी काय वायसर आमटीत घालू?" उत्तर तयारच होतं तिच्याकडे. नोंद करून ठेवतो.

९ सप्टेंबर, सकाळी ६
डबा लपवायला जागा सापडली. परसातली विहीर. डब्याला दोर बांधून आत सोडला. पेट्रोल थंड राहील, उडून जाणार नाही, आणि चोराच्या डोक्यात ही जागा येणं शक्य नाही. डबा पाण्यात आडवा होऊन जवळजवळ बुडाला. बरंच झालं, वरून दिसत नाही. दोराचं टोक जास्वंदीत लपवलं. बजाबाईला पत्ता नाही.

१२ सप्टेंबर
मोटर मध्यधारेत बंद. धुळाप्पानं दोर टाकून ओढत आणलं. मी मदत मागितली नव्हती. घरी कार्बुरेटर उघडला, जेटचं बारीक भोक फुंकून साफ केलं. संध्याकाळी पुन्हा नदीवर. दोन मिनिटं चालली. बंद. पुन्हा धुळाप्पा. हा माणूस दोर घेऊन तयारच कसा असतो?

१५ सप्टेंबर
पंढरपूरला जाऊन पंपवाल्याला भेसळीबद्दल विचारलं. त्यानं माझ्यासमोर तीन मोटारसायकलींत पेट्रोल भरलं. तिन्ही व्यवस्थित निघून गेल्या. ठरवून आणलेली माणसं असावीत.

१९ सप्टेंबर
कार्बुरेटर सहाव्यांदा उघडला. आत तरंगणारा फ्लोट हलवून बघितला, ठीक. पण खालच्या वाटीत तळाला मोत्यासारखे थेंब. बोटाला लावून चाखले. पाणी.
आता शंका उरली नाही. धुळाप्पा जन्मभर नदीवर. पाणी त्याच्या हाताशी.

२२ सप्टेंबर
दिवसभर बाभळीआड बसून होडीवर पाळत ठेवली. दुपारी धुळाप्पा आला. माझ्या होडीत साचलेलं पाणी एका डब्यानं उपसून टाकलं आणि गेला. म्हणजे त्याच्याकडे डबा आहे. सरपंचांना आत्ताच सांगत नाही. तीस तारखेला सगळ्यांसमोर.
बजाबाई म्हणाली, "अवो, हिरीच्या पाण्याला रॉकेलावानी वास येतुया." तिला पहिल्यापासून या मोटरचा राग आहे. आता नदीवरून पाणी आणते. मला दाखवायला.

२९ सप्टेंबर
नवा प्लग. जेट साफ. टाकी धुतली. उद्याचं पेट्रोल रात्रभर विहिरीत थंड होईल. धोका कुठूनच नाही.

३० सप्टेंबर
मानसिंगराव आणि दोन पंच होडीत. सगळा गाव काठावर. सुरू पहिल्या झटक्यात. अर्ध्यात गेलो आणि बंद.
वरती पाऊस झालेला, ओढ जास्त. होडी खालच्या खडकांकडे सरकायला लागली. दोरी ओढत राहिलो. ती तुटून हातात आली, मी मानसिंगरावांच्या मांडीवर. पंचांपैकी एक देवाचं नाव घेत होता. खरं लिहायचं तर मीही मनात घेत होतो. वल्हं मी मुद्दाम आणलं नव्हतं, लोकांना शंका नको म्हणून.
धुळाप्पा आला. तिरपा येऊन दोर टाकला. खडक हातभर उरले होते.
काठावर आल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं, हा माझ्या पेट्रोलमध्ये पाणी घालतो.  त्यानं एक काचेची बाटली आणवली, माझ्या डब्यातलं पेट्रोल तिच्यात ओतलं आणि दगडावर ठेवली. थोड्या वेळानं वर पेट्रोल, खाली चार बोटं पाणी. मधे स्वच्छ रेघ.
"फिटरसाब, डबा कुटं ठिवता?" त्यानं विचारलं.
मी तुटलेली दोरी गुंडाळायला घेतली.
गर्दीतून बजाबाई म्हणाली, "हिरीत." म्हणजे तिला माहीत होतं.
लोक खूप वेळ हसले. मानसिंगराव हसले नाहीत. त्यांचं धोतर ओलं होतं.

२ ऑक्टोबर
घराबाहेर पडलो नाही. विहिरीत पाणी असतं हे मला ठाऊक होतं. प्रश्न सुरक्षिततेचा होता.
ठेका धुळाप्पाकडेच राहिला. संध्याकाळी तो घरी आला. मी भांडायच्या तयारीत होतो. तो उंबऱ्यावर बसला, उजवा हात उचलून दाखवला. खांद्याच्या वर गेला नाही. म्हणाला, "आता वल्हं मारवंना. परवा तुमाला वडताना लई कळा आल्या. तुमची मोटर माज्या नावंला लावू. दोगं मिळून चालवू. फकस्त पेट्रोल माज्या घरी ऱ्हाईल."
परवा हे मला दिसलं नव्हतं. माफी मागायचं मनात आलं. चहा घेणार का, एवढं विचारलं.
विचार करून सांगतो म्हणालो. बजाबाई आतून म्हणाली, "व्हय म्हना."

७ ऑक्टोबर
मोटर दिवसभरात नऊ खेपा चालली. एकदाही बंद पडली नाही. मोटर धुळाप्पानं चालवली. मला मधल्या फळीवर बसवलं होतं, कारण माझ्या वजनानं नाव सरळ राहते. कुणीतरी कोंबडी धरायला दिली. पलीकडे पोचेपर्यंत धरली.