पाठ फिरवून तीस पावलं

हाझेलरीट,
१२ ऑक्टोबर २०११

प्रिय किलियान,

नाताळ नसताना माझं पाकीट आलेलं बघून तू आधी कोण गेलं तेच शोधशील, म्हणून सांगून टाकते. ओटोकाका गेले. ऑगस्टमध्ये, द्राक्षं पिकायच्या आधी, ब्याण्णव वर्षांचे होऊन. त्यांच्या मते यंदाची द्राक्षं आंबट निघणार होती. तशी ती निघाली नाहीत, पण ते सांगायला आता ते नाहीत. त्यांच्यामागे मुलं, नातवंडं, दोन एकर द्राक्षमळा आणि शिवाराचे हद्दीचे दगड राखणाऱ्या सातजणांतली एक जागा राहिली. त्या जागेबद्दलच लिहायचं आहे.

गेल्या गुरुवारी बुर्कार्ड आला. आता सातजणांचा प्रमुख तो आहे, तुला कुणीतरी कळवलं असेलच. इस्त्रीचा शर्ट, हातात चपटी बाटली, आणि दाराशी पाय पुसत उभा, जसा काही मागणी घालायला आला होता. मी टेबलावर व्हिनेगरमधले सॉसेज ठेवले. ते संपेपर्यंत तो फक्त हवामानावर बोलला. मग म्हणाला, "बुर्गी, बायकांना घ्यायचं नाही असं सरकार म्हणत नाही, याला कितीतरी वर्षं झाली. पण ओटोकाका म्हणत होते. आता ते गेले. आम्ही सहाजण बसलो आणि सहाच्या सहा हात तुझ्या नावाला वर झाले." पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी नगराध्यक्षांसमोर शपथ. एकदा घेतली की मरेपर्यंत.

एकोणसाठाव्या वर्षी, रे. आणि मी काय केलं असेल? उठून नळाखाली त्याची ताटली धुवायला लागले, म्हणजे त्याला माझं तोंड दिसू नये.

तू तिकडे बंदरात राहतोस, तुमच्याकडे जमीन संपते तिथे समुद्र लागतो आणि वाद मिटतो. इथलं तुझ्या विस्मरणात गेलं असेल. हाझेलरीटचं आता काहीच स्वतःचं उरलेलं नाही. गावं जोडायचा तो कायदा आला तेव्हा तू इथेच होतास. आपण उंटरवाइलरचे 'भाग' झालो. पंचायतीचा शिक्का दप्तरखान्यात गेला, पंचायतीच्या खोलीत आता अग्निशमन दलाचे पाइप ठेवतात. शाळा गेली, मग टपाल गेलं. मेलिटा बेकरीत अजूनही उंटरवाइलरच्या लोकांना मागून आलेल्यांच्या नंतर ब्रेड देते आणि म्हणते, "तुमच्याकडे कचेरी आहे ना, मग थांबायची सवय असेल." पण शिवार आपलं राहिलं. कागदावर गाव पुसलं तरी मोजणीच्या दप्तरात हाझेलरीटचं शिवार वेगळंच आहे, त्याचे चारशे बारा दगड वेगळे आहेत आणि त्या दगडांचे सातजण वेगळे आहेत. तेवढं एकच कुणाला जोडता आलं नाही.

कागदावरचं ते गाव पुसणारीही मीच होते, हे तुला कधी सांगितलं नसेल. मोजणी कचेरीत नकाशे शाईनं काढायचो तेव्हाची गोष्ट. साहेबांनी नकाशा समोर ठेवला आणि सांगितलं, हाझेलरीटची जाड रेघ काढून टाका, बारीक राहू द्या. शाई खरवडायचं ब्लेड असायचं माझ्याकडे. सकाळी आठ ते दुपारी साडेतीन मी आपल्या गावाची हद्द खरवडत बसले. उत्तरेकडून सुरू केली, माझ्या सवयीप्रमाणे. तू थट्टा करायचास ना, की बुर्गीच्या घरात काटाचमचासुद्धा उत्तरेकडे डोकं करून झोपतो. संध्याकाळी घरी आले तर तू दारात बसून गुडघ्यांवरचा चिखल झटकत होतास. कुठलातरी दगड बसवून आला होतास. त्या दिवशी तुझ्याबद्दल जे मनात आलं ते सख्ख्या बहिणीच्या मनात येऊ नये.

ते आलं होतं त्याच्या दोन वर्षं आधीच. बाबा गेले त्या फेब्रुवारीत. तू एकवीस वर्षांचा, डोक्यात फुटबॉल आणि ती मोटरसायकल. मी चोवीस वर्षांची, मोजणी कचेरीतली, डोळे बांधले असते तरी वरच्या मळ्यापासून ओढ्यापर्यंतचे दगड क्रमानं सांगितले असते. बाबांची जागा रिकामी झाली आणि सातजणांनी ती तुला दिली. कुणी माझं नाव घेतलं नाही, कुणी माझं नाव घेतलं नाही याचं कुणाला काही वाटलंही नाही. मलाच तेवढं वाटलं. आईनं बाबांची कुदळ स्वतः तेल लावून तुझ्या हातात दिली. रविवारी चर्चमध्ये म्हातारे तुला आधी बसू द्यायला लागले. गुडघ्यांना चिखल लागलेली तुझी पँट आई हट्टानं धुवायची नाही, दोन दिवस तशीच खुंटीला लटकवून ठेवायची, आल्यागेल्याला दिसावं म्हणून. मी त्या पँटकडे बघत जेवायचे.

आणि तुझं ते गप्प बसणं. तू बढाई मारली असतीस तर मी सहन केलं असतं. गावात म्हणतातच, सातजणांतला माणूस घरी बोलला नाही तर बायको समजते की एकतर दगड बसवून आलाय किंवा सूप खारट झालंय. पण तू मुळातला बडबड्या. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलायचास, फक्त त्या एका गोष्टीवर नाही. दगडाच्या बुडाशी तुम्ही काय ठेवता, कसं ठेवता, की पुढे शंभर वर्षांनी कुणी बांध कोरून दगड सरकवला तर सातजणांना खाली बघून कळावं, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं. मी गोडीनं विचारलं, भांडून विचारलं, एकदा तर तू दोन ग्लास जास्त प्यायलास म्हणून विचारलं. तू म्हणालास, "बुर्गी, दुसरं काहीही माग. हे माझं नाही, मला देता येत नाही." तेही इतक्या मऊपणानं, की मला ताटली फेकावीशी वाटली. आई म्हणाली, तुझ्या बाबांना मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि आमचं काही अडलं नाही. तिचं अडलं नसेल. तिनं चारशे बारा दगड कागदावर काढले नव्हते.

तुम्ही दगड बसवायला जायचात तेव्हा दोन्ही बाजूंचे मालक यायचे, मोजणीवाले यायचे, मीही फीत आणि वही घेऊन यायचे. खड्डा झाला की तेव्हाचे प्रमुख लाम्पर्टकाका एकच वाक्य बोलायचे, "मंडळी, पाठ फिरवून तीस पावलं." आम्ही सगळे पाठ फिरवून चालायला लागायचो. द्राक्षमळ्याकडे तोंड करून उभं राहायचं, सिगारेटी ओढायच्या. मागे कुदळीचा आवाज, मग अजिबात आवाज नाही, मग पुन्हा कुदळ. त्या मधल्या शांततेत तू असायचास आणि मी नसायचे. तीन बांध मिळतात तिथला, तिहाट्याचा दगड तिरका झाला होता, ट्रॅक्टरचं चाक लागून, तो एक्याऐंशी साली तू एकट्यानं बसवलास. सातजणांतले फक्त लाम्पर्टकाका जवळ होते, तेही नुसते बघत होते. परत फिरायची हाक आली तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. पहिलं मूल झालेल्या माणसासारखा होता. पुढच्याच हिवाळ्यात लाम्पर्टकाका वारले, म्हणजे त्या दगडाखालचं तुझं काम पाहिलेलं कुणी राहिलं नाही.

किलियान, आता पुढचं नीट वाच. हे मी बसून, दुपारच्या उजेडात, शुद्धीवर लिहिते आहे.

ब्याऐंशीच्या जत्रेच्या रविवारी माझं डोकं दुखत नव्हतं. मी तसं सांगितलं होतं. तुम्ही सगळे मांडवात हंसाचं मांस आणि बटाट्याचे गोळे खायला गेलात, बँडचा आवाज ओढ्यापर्यंत येत होता. मी बाबांची कुदळ घेतली आणि भर बारा वाजता तिहाट्यावर गेले. आदल्या रात्रीच्या पावसानं माती सैल होती. दगड हलवला नाही. बाजूनं खणलं, हात आत घातला, आणि तिथे जे होतं ते एकेक करून बाहेर काढलं. काय होतं ते मी इथेही लिहिणार नाही. तुझ्याकडून चोरलेलं असलं तरी ते राखते आहे. इतकंच सांगते की मी फार वेळ बघत बसले, आणि मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. मला वाटलं होतं आत काहीतरी मिटेल. उलट हेवा वाढला. कारण ते इतकं साधं होतं. इतक्या साध्या गोष्टीसाठी मला तीस पावलं लांब ठेवलं होतं.

मग मी ते पुसलं, परत ठेवलं आणि माती दाबली. नीट ठेवलं. म्हणजे मला नीट वाटेल तसं. हाताला जी सवय होती तसं.

पंचाऐंशीत वरच्या मळ्याच्या दोन मालकांचं भांडण लागलं आणि सातजणांनी तिहाट्याचा दगड उघडला. आम्ही तीस पावलांवर उभे होतो. मागची शांतता संपेचना. मी वळून बघितलं नाही, पण मला कळलं. मापानं दगड सेंटिमीटरभरही हलला नव्हता, दुसऱ्या दिवशी मीच मोजून दाखवलं. पण त्यांना मापाशी देणंघेणं नव्हतं. बुडाशी चुकलेलं होतं, म्हणजे बसवणाऱ्यानं आळस केला किंवा तोंड उघडलं. बसवणारा तू होतास. संध्याकाळी तू घरी आलास, कुदळ कोपऱ्यात ठेवलीस आणि आईला म्हणालास, "आजपासून मी त्यांच्यात नाही." आई खुंटीवरची पँट काढून धुवायला घेऊन गेली. बेकरीत लोक तू आलास की पावाबद्दल बोलायला लागायचे. ऑगस्टमध्ये तू बंदरातली नोकरी धरलीस.

निघायच्या सकाळी आपण दोघंच कॉफीला होतो.  तू हात पुढे करून माझी ताटली फिरवलीस, सुरी बरोबर उत्तरेला येईपर्यंत, आणि म्हणालास, "आता बरोबर." मला ती तुझी नेहमीची थट्टा वाटली. मला ती थट्टाच वाटायला हवी होती, म्हणून वाटली. सव्वीस वर्षं मी ती तशीच वाटून घेतली. तू खड्ड्यात वाकलास त्याच क्षणी तुला कळलं होतं, हो ना? या गावात उत्तर बघून वस्तू ठेवणारं माणूस एकच होतं.

आणि तरी तू गप्प राहिलास. आईच्या दफनाला आलास तेव्हाही. खरं सांगू? त्याचाही मला हेवा वाटतो. त्यांचं गुपित तू राखलंस, माझंही राखलंस, कशाचंही ओझं चेहऱ्यावर न दाखवता. माझ्याकडे एकच होतं आणि त्यानं माझी पाठ वाकली.

बुर्कार्डची ताटली धुऊन झाली तरी मी नळ बंद केला नव्हता. तो म्हणाला, अगं, हो म्हणायला एवढं पाणी लागत नाही. मग मी बसले आणि त्याला सगळं सांगितलं.  शेवटी त्यानं एकच विचारलं, "परत ठेवताना तोंड कुठे केलं होतंस?"

"उत्तरेला."

त्यानं बाटली हातात घेतली, उघडली नाही, परत खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे पोराचं बरोबर होतं." तू छप्पन्न वर्षांचा आहेस आणि त्याच्यासाठी अजून पोर आहेस. जाताना दारात त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ते बरोबरच आहे.

काल तो पुन्हा आला, अंगणातच उभा राहिला. सहाजण बसले होते. सहाच्या सहा हात पुन्हा वर झाले, या वेळी तुझ्या नावाला. जागा एकच आहे, किलियान. मला देऊ केलेली ती हक्कानं तुझी होती आणि ती तुलाच जाते आहे. हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिते आहे, की हे तुला माझ्याकडून कळावं आणि बोलावणंही माझ्याकडूनच यावं. बंदरातलं काम या वर्षी संपतंय, पुढे कुठे राहायचं ते ठरलेलं नाही, असं तू कार्डात लिहिलं होतंस. घर दोघांच्या नावावर आहे. वरची खोली मी झाडून घेतली, बाबांच्या कुदळीला तेल लावलं. पहिल्या रविवारी शपथ, आणि सोमवारी तिहाट्याचा दगड पुन्हा उघडायचा आहे, तुझ्या हातानं. बुर्कार्डला मी विचारलं, मी आले तर चालेल का. तो विचार करून म्हणाला, बाकीच्या मंडळींसारखी. तेव्हा मी येईन, वरच्या मळ्याकडे तोंड करून उभी राहीन, आणि मागे ती शांतता सुरू झाली की मला तुझा हेवा वाटेल, तो काही गेलेला नाही. पण या वेळी मी हाक येईपर्यंत तिथेच उभी असेन.

तुझीच,
बुर्गी