इद्दतीनंतरचा शनिवार-रविवार

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

हे गेल्यानंतरची इद्दत मंगळवारी संपली. चार महिने दहा दिवस उंबऱ्याच्या आत काढले. आज पहिल्यांदा दाराबाहेर उभी राहिले, तर ऊन डोळ्यांना सहन होईना. समोर सगुणाबाई तीळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात केला. मीही केला. एवढंच.

संध्याकाळी पुण्याहून फरदीनचा फोन. "अम्मी, शनिवार-रविवार मोकळा ठेवलाय. कुठं जायचं सांगा."

जिथं जायचं आहे तिथं आमच्याकडे बायका जात नाहीत. ह्यांना त्या दिवशी दारातून नेलं तेव्हा मी आत बसले होते. कबर कुठल्या बाजूला आहे, झाडाखाली आहे की उघड्यावर — काही माहीत नाही. एकदा बघायची आहे. पण पोराला कसं सांगायचं! म्हटलं, "म्युझियम बघू. मग वेल्ह्याकडे जाऊ."

"म्युझियम? तुम्हाला?" तो हसला.

हो, मला. हे भांड्यांना कलई करायचे. म्हणायचे, पुण्यात एक घर आहे, तिथं नुसती जुनी भांडी, दिवे, अडकित्ते मांडून ठेवलेत. तुला दाखवतो. बत्तीस वर्षं म्हणत होते!

शुक्रवार, ९ जानेवारी

बॅग भरली. स्वेटर शोधताना ह्यांचा मफलर हाताला लागला. होता तिथंच ठेवला.

शनिवार, १० जानेवारी — पुणे

बाजीराव रोडजवळच्या त्या म्युझियममध्ये दोन तास फिरलो. फरदीन पुढं, मी मध्ये, सूनबाई मागं. गुलफशा चांगली आहे, पायरी आली की न बोलता कोपराला धरते.

दिवे किती तऱ्हेचे! अडकित्त्यांना मोराचं तोंड, घोड्याचं तोंड. फरदीन प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचत होता. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी. ह्यांच्यावर काय आहे? नुसती माती असेल. की दगड ठेवलाय? वाचणं थांबवून त्याला विचारावं असं तोंडापर्यंत आलं. नाही विचारलं.

एक पितळेचं मोठं पातेलं होतं. आत कलई आहे का म्हणून वाकून बघितलं, तर पहारेकरी धावत आला.

"मावशी, हात लावू नका!"

"हात नाही हो लावला. नाक गेलं फक्त."

"नाकाला पण मनाई आहे," म्हणाला, आणि स्वतःच हसला. गुलफशा तर तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी तिला म्हटलं, "कलई उडालीय गं. यात ताक ठेवलं तर कळकेल." पहारेकरी म्हणाला, "ठेवणार कोण मावशी? शंभर वर्षांत कुणी जेवलं नसेल यात."

बाहेर येऊन चहा घेतला. ह्यांना तिथून ओढून काढायला लागलं असतं. प्रत्येक भांड्याशी थांबून म्हणाले असते, दे माझ्याकडं, चकाचक करून देतो.

रविवार, ११ जानेवारी — भोर, घरी

सकाळी पानशेत. गुलफशाची हौस. धरणाजवळ हॉटेलं किती झाली! पिठलं-भाकरी खाल्ली. पुण्याची माणसं भाकरीचे फोटो काढत होती.

मग पाबे घाटातून वेल्ह्याकडे उतरलो. घाटात गार वारा, गवत सगळं पिवळं. समोर तोरणा. मी काच खाली केली. लग्नानंतर सहा थंड्या मी ह्यांच्याबरोबर इकडे आले, भाता ओढायला. एसटीत भाता मांडीवर घेऊन बसायचे मी. एक कंडक्टर दर वेळी विचारायचा, "ह्या बाळाचं अर्धं तिकीट का फुल?" हे भट्टी पेटवायचे, तापल्या भांड्यात नवसागर टाकायचे, पांढरा धूर उठायचा आणि अख्खी आळी खोकायची. मग कथील फिरवलं की भांड्यात तोंड दिसायचं. पहिलं भांडं झालं की हे ते माझ्यापुढं धरायचे — "बघ, कोण दिसतंय?" पुढं मला अंगणवाडीची नोकरी लागली. मग हे एकटेच यायचे.

आम्ही मुक्काम करायचो ते धोंडाबाईंच्या पडवीत. त्या दारातच बसलेल्या. लगेच ओळखलं.

"आगं गुलजार! किती वर्सांनी! आन् हापीजभाई? गाडीतच बसल्यात व्हय? आता मोटार आली म्हून मिजास का?"

भोरात सगळ्यांना माहीत आहे, चार महिन्यांत ते वाक्य मला एकदाही बोलावं लागलं नव्हतं. फरदीननं सांगितलं, "अब्बा वारले, मावशी."

त्यांनी पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाल्या, "म्या तीन भांडी काढून ठिवलीत. संक्रांतीच्या आत येत्यात म्हून वाट बघतीया."

चहा झाला. अचानक त्यांनी विचारलं, "मातीवर जाऊन आलीस?"

"न्हाई. आमच्यात बाया जात न्हाईत."

"आन् आमच्यात जात्यात व्हय? मालक गेलं तवा मला ल्योक न्हवता. भावकी म्हनली, पुतण्या मडकं धरंल. म्या म्हनलं, पुतण्यानं संसार केला का त्यांच्यासंगं? धरलं म्याच. लोक चार दिस बोललं. मग त्यास्नी दुसरं काय तरी घावलं."

फरदीन दाराशी मोबाईल बघत उभा होता. बोट हलत नव्हतं. सगळं ऐकलं त्यानं.

नसरापूर आलं. मग मागून गुलफशा हळूच म्हणाली, "अम्मी, जायचंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही गं. असंच."

नाही का म्हणाले? आता घरी येऊन दोन तास झाले. स्वतःचाच राग येतोय.

सोमवार, १२ जानेवारी

फरदीननं रजा टाकली. सकाळी सातला चप्पल घालून दारात उभा. "चला अम्मी."

गेलो. कब्रस्तानात दव पडलं होतं, कुणी नव्हतं. तो थोडं पुढं गेला, डावीकडे वळला, परत आला. मग तिथंच उभा राहून लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. दफनाच्या दिवसानंतर तो आत आलाच नव्हता, रडतच सांगितलं त्यानं. पुण्याहून येताना दर वेळी फाटकापर्यंत यायचा आणि मागं फिरायचा. पावसानं माती बसलीय, गवत उगवून वाळलंय. एका ओळीत तीन कबरी, तिन्ही सारख्याच. यातलीच एक, एवढंच त्याला सांगता येत होतं.

विचारलं तर कुणीही दाखवेल. आज मी विचारू दिलं नाही. त्याचा हात धरला, आणि आम्ही तिन्ही ठिकाणी फातिहा पढलो.