बाबांच्या मशीनमधल्या दोन पट्ट्या

प्रिय गुंड्या,

मी दूध गॅसवर ठेवून अंथरुणं झटकत होते आणि तुझे बाबा आतल्या खोलीत खडाखड टाइप करत होते. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला तसा त्यांचा राग बोटांत उतरला होता. चादर टाकून धावत गेले, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर एवढंच, ‘अगं, दूध!’ मी ओट्याकडे पळाले, फडकं घेतलं, तोवर पुन्हा खडाखड. परत गेले. ‘आता ओटा पुसत बसशील. आधी गॅस बंद कर.’ हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. त्यांच्या शेवटच्या वर्षातली आमची प्रत्येक सकाळ अशीच असायची.

तुला ठाऊकच आहे, माझी शाळा दुसरीत सुटली. दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरती अक्षरं होती, तेवढ्यावर संसार झाला. पण नवराच पडद्यावर बोलायला लागल्यावर करते काय? सुरुवातीला मी बोट ठेवून वाचायचे, की ते वैतागून लिहायचे, ‘तू वाचेपर्यंत चहा गार झाला.’ मग त्यांनी गुपचूप अक्षरं मोठी केली. आज मी लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं वाचते, ती त्यांची बोलणी खाऊन शिकले म्हणून.

ते मशीन त्यांनी ऑफिसच्या मोडीतून आणलं होतं. जातं फिरावं तशी घरघर. मी नाक मुरडलं, तेव्हा त्यातल्या दोन पट्ट्या दाखवून म्हणाले होते (तेव्हा आवाज होता), साधी मेमरी म्हणजे मी, वीज गेली की सगळं विसरलो. ही मेमरी म्हणजे तू. वीज जाऊ दे, वर्ष जाऊ दे, जुनं भांडण जसंच्या तसं. पुढे त्यांचं सगळं बोलणं त्या पट्ट्यांतच साठलं. फक्त त्यांचं. माझं तोंडी, ते हवेत गेलं. पण ते गेल्यावर दुपारी तिथे बसून त्यांची उत्तरं वाचली, की मी काय विचारलं होतं ते आपोआप आठवायचं. दुसरीकडे कुठे प्रत नव्हती. नवराबायकोच्या कुरबुरीची प्रत कोण ठेवतो?

नवा कॉम्प्युटर तू माझ्यासाठीच आणलास. मशीन बंद केलंस, आधी लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवलीस, पट्ट्या कडेला धरून काढल्यास, पिशवीत घातल्यास, मग नव्यात बसवल्यास. बाबांनी शिकवलं होतं तसंच सगळं. मी दारातून बघत होते, मला भरून आलं. पण बाबांनी पट्ट्यांना कुलूप घातलंय हे आपल्याला कुठे माहीत होतं? जन्मभर ऑफिसात दुसऱ्यांची माहिती सांभाळली, सवयीने स्वतःचीही कुलपात ठेवली. ते मशीन सुरू झालं की आपोआप कुलूप उघडायचं, म्हणून ते कधी कुणाला दिसलंच नाही. जुन्या मशीनमध्येच ते आधी काढायचं आणि मग पट्ट्या हलवायच्या, हे आपल्याला नव्या कॉम्प्युटरने सांगितलं. तोवर किल्ली पोटात घेऊन मशीन भंगारवाल्याच्या गाडीवर गेलं होतं. ‘हा राक्षस आजच घराबाहेर काढ’ म्हणून तुझ्या मागे मीच लागले होते, विसरलास का?

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंनी मला नीट समजावलं. आत सगळं शाबूत आहे, एक अक्षर गेलेलं नाही, पण त्या मशीनशिवाय उघडणार नाही. पुसून टाकता मात्र येतं. मी म्हटलं, असू दे तसंच. न वाचता का होईना, घरात तर आहे. मी रोज दुपारी त्या बंद कुलपासमोर बसत होते. वेड्यासारखं वाटेल, पण बसत होते.

तू मात्र तेव्हापासून घरी फिरकला नाहीस. फोनवर ‘कामात आहे गं’. परवा सूनबाईचा फोन आला. सुट्टी आली की तू भंगाराच्या वखारी पालथ्या घालतोस, पत्र्याने हात कापून घेतोस, घरी येऊन धड जेवत नाहीस. पोरगी ‘बाबा कुठे’ विचारते आणि तू भिंतीकडे तोंड करून पडून असतोस. अरे, त्यांचा आवाज गेला, मग ते गेले, मग त्यांचं लिहिलेलं गेलं. एवढ्यावरही मी उभी राहीन. तू गेलेला मला सोसणार नाही.

म्हणून हे पत्र. ते मशीन आता शोधू नकोस, सापडलं तरी उपयोग नाही. फोनवर सांगितलं असतं तर ‘आई, थांब’ म्हणाला असतास, आणि मी थांबले असते. सूनबाईचा फोन ठेवल्यावर मी पोटभर रडले, तुझ्यापासून काय लपवायचं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच कॉम्प्युटर घेऊन गेले. त्या बाईंनी मला दोनदा विचारलं. मग मी माझ्या हाताने बटण दाबून पट्ट्या पुसल्या.

तुझीच,
आई